नथूचा विळा

बुधवार, २३ ऑक्टोबर. धाटाव.

विद्यापीठाच्या अहवालात माझे आभार छापून आले. त्याची खरी किंमत: पाच रात्रींची झोप आणि नथूसारखा दोस्त.

बाई भल्या होत्या. लहान शहरं रात्री कशी जागतात, यावर त्यांचं संशोधन. कंपनीच्या गेटासमोर माझी चहाची टपरी, तिथं वही घेऊन बसायच्या. मीच फुशारलो, "मॅडम, या गेटात पान हललं तरी आधी मला कळतं." आणि त्यांना हसवायला म्हणून नथूचं सांगितलं. रात्रपाळीत दोन तास पोत्यांवर झोपतो, कारण सकाळी गावी, निडीला, भात कापायचं असतं. विळा आत नेऊ देत नाहीत, म्हणून माझ्या खिळ्याला अडकवून जातो.

बाईंनी अहवालात नाव बदललं, विळा मात्र तसाच ठेवला. कंपनीत विळा घेऊन येणारा दुसरा कोण हाय? शुक्रवारी रोह्याच्या सभेत त्यांनी ते वाचलं, तेव्हा पहिल्या रांगेत कंपनीचे साहेब. टाळ्या मीही वाजवल्या. का वाजवल्या? त्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही.

आज त्याच्याच पाळीतला वसंता चहा न घेताच म्हणाला, "शेठ, नथ्याचा विळा घरी पोचवा. तो काय आता तुमच्याकडं यायचा नाय."

"का रे? कापणीच्या रजेवर हाय ना तो?"

"विळ्याबिगर कापणी?"

शनिवारी पाळीवर आला, विळा अडकवला, आणि साहेबांनी आतून परस्पर घरी धाडला त्याला. कायमचा. चार दिवस तो विळा माझ्या डोळ्यांसमोर लटकतोय. अख्ख्या गेटाला ठाऊक होतं.

मला आज कळलं.