टाकीवर कव्हर घालू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, व्यवसाय मोटारसायकली बांधणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. कोणाचं दडपण नाही. आणायचे प्रयत्न झाले, ते फुकट गेले. शुद्धीबद्दल नातेवाइकांत कुजबुज आहे, कारण या वयात मी पाचवी गाडी पुरी केली. म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घरी बोलावून स्वतःला तपासून घेतलं. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?" मी म्हटलं, "सोमवार. आणि तुमच्या गाडीची चेन सैल झालीय, येताना ऐकली." त्यांनी दाखला लिहिला, मी चेन ताणून दिली. दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. मी राहते ते दोन खोल्यांचं घर आणि मागची पत्र्याची खोली ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. दवाखान्याच्या खाटा बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं राबून मी ती उभी केली. पहिली चार वर्षं मला नटबोल्टच्या पुड्या बांधायला बसवलं होतं. फोरमन म्हणायचे, "बाईमाणसाच्या हाताला वेल्डिंग शोभत नाही." पाचव्या वर्षी तीन वेल्डर एकदम काम सोडून गेले, तेव्हा शोभायला लागलं. फोरमन वारले. त्यामुळे त्यांच्यासाठी या कागदात काही ठेवता येत नाही, याची रुखरुख आहे.

हे घर मी माझ्या भाचीला, थोरल्या भावाच्या मुलीला, देते. ती कवळ्या बनवण्याचं काम करते. आधी मी या कलमात सात अटी घातल्या होत्या. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, मागच्या खोलीत गाद्या रचायच्या नाहीत, वगैरे. तिने वाचलं आणि म्हणाली, "आत्या, घर देतेयस की नोकरी?" सातही अटी खोडल्या आहेत. खोडल्या तिथे सही केली आहे.

कलम २. मागच्या खोलीतली सगळी हत्यारं भाचीलाच. ती मी घरी बनवलेली आहेत, म्हणून ओळख लिहून ठेवते. लेथ कपडे धुण्याच्या मशीनच्या मोटरवर चालते. भोकं पाडायचं मशीन मोटारीच्या जॅकपासून केलं आहे. जमिनीत सिमेंटने पुरलेला जाड खांब पाइप वाकवण्यासाठी आहे, कपडे वाळत घालण्यासाठी नाही, हे वहिनीला पुन्हा एकदा सांगावं. पाइप तापवून वाकवण्याआधी आत वाळू ठासावी आणि दोन्ही तोंडं लाकडी गुट्ट्यांनी बंद करावीत, नाहीतर पाइप चेपतो. वाळू खडखडीत कोरडी हवी. ओली वाळू तापली की गुट्टा गोळीसारखा सुटतो. माझ्या भुवईवरची खूण त्याचीच. एका स्थळाने ती खूण बघून नकार दिला, दुसऱ्याने काळी नखं बघून. तिसऱ्याला मीच नकार दिला. क्लच म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती.

क्लच-ब्रेकच्या लिव्हर मी घरीच अॅल्युमिनियम वितळवून साच्यात ओतते. पूर्वी त्यांना मुंग्यांनी खाल्ल्यासारखी भोकं पडायची. कवळीच्या साच्याचं प्लास्टर वापरायला भाचीने शिकवलं, तेव्हापासून लिव्हर दातासारख्या गुळगुळीत निघतात. म्हणजे या खोलीत ती फक्त वारस म्हणून येत नाही. इंजिनं मात्र मी घडवलेली नाहीत, ती भंगारातून आणली. उगाच फुशारकी नको. सांगाडा, टाकी, हँडल, बैठक, सगळं माझ्या हातचं.

कलम ३. शेजारच्या निवृत्त सरांनी माझ्या ठोकाठोकीबद्दल तीन लेखी तक्रारी केल्या. तिन्हींत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. माझ्या पश्चात त्यांना शांतता मिळेल, वेगळं काही देत नाही. ती शांतताही भाची किती दिवस टिकू देते ते त्यांनी बघावं.

कलम ४. हे कलम माझ्याकडे नसलेल्या वस्तूबद्दल आहे.

मी सव्वीस वर्षांची असताना पहिली मोटारसायकल बांधली. लाल रंगाची. दोन वर्षं लागली. शहरात हौशी लोकांच्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, त्या दिवशी कारखान्यात माझी दिवसपाळी होती आणि सुट्टी मिळाली नाही. गाडी दादा घेऊन गेला. संध्याकाळी तो चषक घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, स्वतःच्या हाताने गाडी बांधणारा तरुण.

मी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "अगं, तुझं नाव सांगितलं असतं तर हसले असते. गाडीलाच हसले असते."

बाबा म्हणाले, "मान घरातच आला ना? मग गप्प बस."

मी गप्प बसले. त्या फोटोवर दादाला मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आणि त्याच वर्षी त्याने मला न विचारता गाडी विकली. पुढे आयुष्यभर लोक त्याला विचारत राहिले, "दुसरी कधी बांधताय?" तो म्हणायचा, "वेळच मिळत नाही." मला वेळ मिळत गेला. दुसरी, तिसरी आणि चौथी ज्यांच्यासाठी बांधल्या त्यांच्याकडे आहेत. परवाना कार्यालयातल्या कारकुनाने निर्मात्याच्या रकान्यात माझं नाव बघून दर वेळी विचारलं, "कंपनी कुठली?" दर वेळी मी सांगितलं, "मीच."

बाबांचा मान राखून पंचेचाळीस वर्षं झाली. बाबाही गेले. आता मी लिहून ठेवते: लाल गाडी मी बांधली.

कलम ५. दोन वर्षांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय कामातून गेले. तो खिडकीत बसायचा आणि रस्त्यावरून जाणारी गाडी न बघता नुसत्या आवाजावरून ओळखायचा. एक दिवस मी टेप घेऊन गेले.

"उभा राहा."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"मेलो नाही अजून."

"म्हणूनच घेतेय."

पाचवी गाडी मी त्याच्या मापाची बांधली. डाव्या बाजूला जादा चाक आहे, क्लच आणि गिअर उजव्या मुठीत आहेत. कागदपत्रं पुरी आहेत. मागच्या रविवारी भाची त्याला घेऊन आली. तो बसला, अंगणात दोन चकरा मारल्या, आणि थांबल्यावर टाकीकडे बघितलं. टाकीवर मी छिन्नीने अक्षरं उठवली आहेत: पहिली आणि पाचवी, दोन्ही बहिणीने बांधल्या.

"हे पुसता येणार नाही?" त्याने विचारलं.

"रंग खरवडलास तरी पत्र्यात राहतील."

तो उतरला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी भाचीकडून निरोप आला, टाकीवर कव्हर घातलं तर चालेल का. चालणार नाही. तरी ही गाडी मी दादालाच देते, कारण ती दुसऱ्या कोणाला बसणारच नाही. अट एकच. टाकीवर कव्हर, कापड, पिशवी, काहीही घालू नये. घातल्यास गाडी त्याच क्षणी सरकारी दवाखान्याला जाईल. ही अट भाचीने वाचली आहे आणि तिने ती खोडायला सांगितलेली नाही.

सह्या व्हायच्या आधी आज जे घडलं ते इथेच नोंदवते. समोरच्या घरातल्या नर्सबाई आणि कोपऱ्यावरचे डॉक्टर साक्षीला बसले असताना दादा काठी टेकत एकटाच चालत आला. दारातूनच म्हणाला, "वाचून दाखव." मी चौथं कलम वाचलं. त्याने काठी दाराला टेकवून खिशातलं पेन काढलं. मग म्हणाला, "साक्षीदार म्हणून मी सही करतो."

भाची म्हणाली, "बाबा, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

"मग गाडी काढून टाक त्यातून. मला सही करू दे."

मी गाडी काढली नाही. त्याला वेगळा कागद दिला. त्याने उजव्या हाताने अर्धा तास लिहिलं. तो कागद खाली जोडला आहे. मी विरघळले असं कोणी समजू नये. अट कायम आहे, अक्षरंही कायम आहेत.

स्थळ: राहतं घर, मागची खोली.
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार.

लिहून देणार: (सही)

आमच्या समोर त्यांनी सही केली, त्यांच्या समोर आम्ही केली:
१. (सही) नर्सबाई
२. (सही) कोपऱ्यावरचे डॉक्टर

जोडपत्र

लाल गाडी माझ्या धाकट्या बहिणीने बांधली. मी फक्त चालवत नेली. कोणी बांधली असं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि नंतर कोणी विचारलं नाही तेव्हाही बोललो. तिला हसतील हे खरं कारण नव्हतं. मला तशी बांधता येत नव्हती, हे होतं. कव्हर नको. पाचव्या गाडीचा ब्रेक कडक लागतो, तो तिने स्वतः सैल करून द्यावा.

(सही) थोरला भाऊ