सकाळी न पेटणारी रेंज

उमरखेड,
दि. ५ फेब्रुवारी २००२

चि. इंद्रजितास अ. उ. आ.,

जयभीम. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुझी रेंज, ती चार तव्यांची विजेची शेगडी, मात्र खुशाल नाही, म्हणून हे पत्र.

पुण्याच्या हॉटेलातून निघालेली रेंज तू दुरुस्त करून, पोत्यात गुंडाळून बहिणीच्या डोळ्यासाठी पाठवलीस, तुझं भलं होवो. निजामुद्दीन मिस्त्रीने जाड वायर टाकून जोडून दिली आणि पहिले आठ दिवस ती शहाण्यासारखी चालली. आता सकाळी साडेपाचला बटण दाबलं की मागच्या उभ्या पाटीवर लाल अक्षरात एफ-१ उमटतं आणि पीं पीं पीं सुरू. हे उठतात, शेजारची नंदाबाई उठते, तिचं तान्हं उठतं. उठत नाही ती फक्त रेंज. चारही तवे थंडगार.

यंदा कापूसच कमी, म्हणून जिनिंग एकाच पाळीत चालते, सकाळी सहापासून. हे तिथे काट्यावर, त्यामुळे डबा सहाच्या आत हवा. दुपारी रेंज झकास पेटते. पण दुपारी पेटून माझ्या काय कामाची? जानेवारीत मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने धूर वर्ज्य सांगितला. गॅसचा नंबर लागलेला नाही. रॉकेलच्या स्टोव्हनेही डोळा झोंबतो. खरं लिहिते, दोन दिवस मी पऱ्हाटीची चूल पेटवली.

ते नंदाबाईने पाहिलं, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. नागपूरला दीपाला कळवून मोकळी झाली. दीपाचं लगेच पत्र आलं. रेंज सकाळी पेटते असं, आई, तुझ्या हाताने लिहिलेलं १२ मार्चच्या आत मिळालं नाही, तर पेटी घेऊन घरी येते आणि स्वयंपाकाला लागते, म्हणे. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, १८ मार्चला पहिला पेपर. पोरगी बोलते तसं करते, बापावर गेली आहे. वर्ष जाईल रे तिचं.

एसटीडीवर गेले की तिथल्या मीटरचे पळते आकडे पाहून काय सांगायचं तेच विसरते. म्हणून सविस्तर लिहिलं आहे, तूही सविस्तर कळव. लोभ आहेच, तो उत्तराच्या तारखेत दिसू दे.

तुझी,
कौसल्याताई

पुणे,
दि. ११ फेब्रुवारी २००२

ती. ताईस,

सविनय जयभीम वि. वि. तुझं पत्र पोचलं. पीं पीं मला इथपर्यंत ऐकू आलं.

एफ-१ म्हणजे रेंजची तक्रार आहे, की माझं एखादं बटण दाबलेलंच राहिलंय. नाहीतर आतलं सर्किटचं कार्ड बिघडलंय. कार्ड मी माझ्या हाताने बदललं आहे, तेव्हा त्याला नाव ठेवू नकोस. आधी भिंतीतलं बटण पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा लाव. निजामभाईकडून सकाळचं व्होल्टेज मोजून घे. पाटीवरची आठही बटणं बोटाने चाचपून पाहा. आणि हळू दाब. आपल्या बाबांच्या रेडिओचं बटण कोणी तोडलं होतं ते मी अजून विसरलो नाही.

निजामभाईला कार्ड खोलू देऊ नकोस, हात जोडतो.

दीपाला सरळ लिहून टाक की रेंज चालते. दुपारी चालतेच ना? त्यात खोटं काय? भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
इंद्रजित

उमरखेड,
दि. १८ फेब्रुवारी २००२

चि. इंद्रजितास अ. आ.,

जयभीम. रेडिओचं बटण तूच तोडलं होतंस. मी फक्त मार खाल्ला.

भिंतीतलं बटण पाच मिनिटं बंद ठेवलं. दहाही ठेवलं. आठही बटणं चाचपली, सगळी एका पातळीवर लागतात. निदान माझ्या बोटाला तरी. व्होल्टेज चांगलं आहे असं निजामभाई म्हणतो. पण तो मोजतो दुपारी! तीनदा बोलावला, तीनदा नमाज आणि जेवण आटोपून दोन वाजता आला, आणि त्याच्यासमोर ही बया गरीब गाईसारखी पेटली. दुसऱ्या वेळेला त्याने तिच्यावर स्वतः चहा केला, प्यायला, आणि म्हणे भाभी, मशीन तो एकदम चंगी है, आप ही घबरा जाती हो. तिसऱ्या वेळेला पोरीला, शगुफ्ताला, घेऊन आला, रेंज दाखवायला. माझ्या घरात बिघाड आहे की प्रदर्शन?

यांचं म्हणणं, मलाच दाबता येत नाही. म्हटलं, उद्या तुम्ही दाबा. दाबलं. पीं. मग म्हणाले, काहून ओरडून राह्यली हे? आणि तिच्या कुशीत एक चापट हाणली. त्या दिवशी डब्यात चिवडा गेला.

आता तुझ्या शहाणपणाबद्दल. रोज संध्याकाळी मी भगवंतासमोर पंचशील म्हणते. चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते तोंडातून निघून अजून थंडही झालेलं नसताना मी पोरीला अर्धं खरं लिहू? तिने सकाळचं विचारलं आहे. सकाळी पेटेल तेव्हाच लिहीन. तुला असलं सुचवायला लाज कशी वाटली नाही?

हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर रोजची नोंद ठेवली आहे, ती उतरवून देते. ९ तारीख, पहाटे नाही, दुपारी दोनला होय. १० तारीख, तसंच. ११ तारीख, आभाळ भरून आलेलं, दुपारीही नाही. १२ आणि १३, पहाटे नाही, दुपारी होय. १४ तारीख, संध्याकाळी पाचलाही होय, पण दुसऱ्या पहाटे नाही. पुढेही असंच. वाच, आणि माझ्यावर हसण्याऐवजी डोकं चालव. दीपाच्या तारखेला तीनच आठवडे उरले. प्रेम कमी केलेलं नाही, पण ते आता काठावर आहे.

तुझी,
कौसल्याताई

पुणे,
दि. २४ फेब्रुवारी २००२

ती. ताईस,

सविनय जयभीम वि. वि. दीपाला लिहायचं सुचवलं ते चुकलं. कान पकडले.

तुझी वही आमच्या वर्कशॉपात दाखवली. मालक म्हणाले, या बाईंना इथे आण. आभाळाच्या दिवशी दुपारीही पेटली नाही, ही गोष्ट निजामभाईच्या तीन फेऱ्यांपेक्षा मोठी आहे. म्हणजे व्होल्टेज नाही, कार्ड नाही आणि तुझं बोटही नाही. ऊन लागलं की सुटतं आणि गारव्यात धरतं असं काहीतरी एका बटणाच्या कडेला गेलं आहे. वर टिनाचं छप्पर, त्यात दक्षिणेच्या खिडकीचं ऊन त्या काळ्या पाटीवर पडत असणार. बटण केसाएवढं जरी आत राहिलं तरी रेंजला ते दाबलेलंच वाटतं.

मला वाटतं तूप सांडलं असावं. नाहीतर गुळाचा पाक. उठल्यापासून झोपेपर्यंत त्या रेंजला काय काय लागतं, तिच्यावर काय काय ठेवतेस, सगळं लिहून काढ. क्षुल्लक म्हणून गाळू नकोस. मला रजा नाही, नाहीतर मीच आलो असतो. चूल पेटवू नकोस, एवढी तरी भावाची इज्जत राख.

तुझा,
इंद्रजित

उमरखेड,
दि. ३ मार्च २००२

चि. इंद्रजितास अ. आ.,

जयभीम. तूप माझ्या घरी सांडत नाही. सांडण्याइतकं येतच नाही. तू सांगितलंस म्हणून क्रमाने लिहिते.

पहाटे ओल्या फडक्याने पुसते. मग कोरड्या. मग पीं. दुपारी भाकरी, वरण. पीठ उडतं ते लगेच झटकते. चार वाजता पुन्हा पुसते. संध्याकाळी वंदना. रेंज आली तेव्हा कोपऱ्यातली फळी काढावी लागली, म्हणून भगवंताची तसबीर रेंजच्या वर भिंतीला लावली आहे. पाटीच्या माथ्यावर चार बोटं रुंद कड आहे, तिच्यावर मेणबत्ती ठेवते. पूर्वी फक्त पौर्णिमेला लावायची, पण दीपाने परीक्षेचा फॉर्म भरला त्या दिवसापासून तिच्यासाठी रोज एक. मेण ओघळतं ते सकाळी सुरीने खरवडून

दि. ८ मार्च. वरचं वाक्य तिथेच राहिलं. पेन तसंच टाकून उठले.

नंदाबाईला बॅटरी धरायला बोलावलं. एवढ्यापुरते तिचे डोळे कामी आले. मी सुरीने वरचं मेण काढत होते, पण ओघळ खाली उतरून बटणाच्या फटीत जात होता. निजामभाईने सांगितलेलं एकच उपयोगी पडलं, हात घालण्याआधी भिंतीतलं बटण बंद करावं. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरलं, शिवणाचा दोरा बटणाभोवती फिरवला. गव्हाच्या दाण्याएवढं मेण निघालं. एवढ्याशा दाण्याने महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं!

चार तारखेला पहाटे साडेपाचला पेटली. हे म्हणाले, चापट लागू पडली. निजामभाईचा विश्वास बसेना, म्हणून फजरची नमाज करून पहाटेच आला. आता पोहे खाऊन म्हणतो, भाभी, मैं तो बोला ही था, मशीन अच्छी है.

मला हसू येत नव्हतं. पोरीच्या पेपरासाठी लावलेली मेणबत्तीच तिच्या पेपराच्या आड आली. भगवंताचा काय दोष, जागा मी चुकीची निवडली. आता ती खिडकीत, वाटीत उभी असते.

एका सकाळच्या भरवशावर दीपाला लिहिलं नाही. चार, पाच, सहा अशा तीन सकाळी पाहिल्या आणि सहा तारखेलाच सकाळी आठच्या टपालगाडीने पोस्टकार्ड धाडलं. आता ते वेळेत पोचू दे. तुझ्या भाचीचं भलं चिंतशील तसं माझंही चिंत.

तुझी,
कौसल्याताई

नागपूर,
दि. ११ मार्च २००२

ती. आईस,

सविनय जयभीम वि. वि. तुझं कार्ड आज दुपारी मिळालं. सकाळीच मी पेटी भरून दाराशी ठेवली होती. खोलीतल्या मुली रडायला लागल्या होत्या आणि मी त्यांनाच दटावत होते.

तू दोनच ओळी लिहिल्यास: ‘रेंज तीन दिवस पहाटे साडेपाचला पेटली, तीनदा पाहून लिहीत आहे. मेण बटणात गेलं होतं, चूक माझी होती.’ दुसरी कोणतीही आई ‘रेंज चालते’ एवढं लिहून मोकळी झाली असती. तू तसं करणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणूनच तुझ्या हाताने लिहायला सांगितलं होतं. तुला महिनाभर छळलं, माफ कर. डोळ्यात थेंब वेळेवर टाक.

कार्डाच्या कोपऱ्यावर मेणाचा एक थेंब पडला आहे. आता पत्रावर सांडतेस, म्हणजे रेंज सुखात आहे. तो नखाने काढला नाही. कार्ड हॉलतिकिटासोबत ठेवलं आहे आणि पेटी परत पलंगाखाली सरकवली.

तुझी,
दीपा