विकीने कुणाला धरलं

प्रिय श्रुतिका,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून कागदावर लिहितोय. इथला राजेश सुट्टीवर मुलुंडला चाललाय, त्याच्या हाती देतो. नववीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, लागेल तसं वाच.

मी ओमानलाच आहे, बंदरावर. कंटेनर येतात, रिकामे करतो, परत भरतो. मधे एक नोकरी सोडली, हीपण सोडेन बहुतेक. तू म्हणायचीस ना, याचा पाय एका जागी ठरत नाही. तसंच आहे अजून. ऊन खूप आहे, पण त्याचं आता काही वाटत नाही. कशाचंच वाटत नाही खरं तर.

आईचा फोन आला होता. पोरांच्या मागे शिट्टी वाजवत धावणारी सून नको म्हणणारी माझी आई, ती सारखं तुझंच नाव घेत होती. परवाच्या बास्केटबॉल मॅचला तू रेफरी होतीस ना, त्याबद्दल. रिबाउंडला दोन पोरं भिडली, कोपर लागलं, मग गचांडी. आमचा विकी बाकावर होता, तो धावत आत घुसला आणि तू त्यालाही बाहेर काढलंस. नियम मला माहीत आहे. मैदानाच्या कट्ट्यावर शेंगा खात तूच सांगितलेलास. मारामारीत बाकावरचा उतरला की तो मॅचमधून गेला, हात उचलो न उचलो. मी विचारलं होतं, अगं, सोडवायला गेला असेल तर? तू म्हणालीस, "पंचाला मन दिसत नाही रे, हात दिसतात."

आता स्पर्धेची कमिटी तुला तेच विचारणार, सोडवायला गेला की मारायला. मारायला म्हणालीस तर वर्षभर बंदी, आणि कंपनीच्या टीममधली नोकरी हातची गेली. विकी फोनवर रडत होता. "दादा, मी एक ठोसा नाही मारला, सोडवायलाच गेलेलो." पुरावा म्हणून त्यानेच व्हिडिओ पाठवला.

पाहिला मी. ठोसा त्याने खरंच मारला नाही. पण सोडवणारा आपल्या पोराला मागे ओढतो ना? विकीने समोरच्या टीमच्या पोराचे दोन्ही हात मागून आवळून धरले, आणि आपल्या पोराने त्याच्या तोंडावर मारलं. मारून होईपर्यंत विकीने सोडलं नाही. मला राग यायला पाहिजे होता, धाकटा भाऊ आहे. आला नाही. मोबाईल खिशात टाकला, ड्युटीवर गेलो, डबा खाल्ला.

लिहायचं कारण हे की आई तुझ्या घरी येणार आहे. साडी घेऊन येईल. विकी सोडवायला गेला होता एवढंच कमिटीला सांग म्हणेल, मग आपल्या लग्नाला तिची ना नाही. प्रांजलनेच पाठवलंय असंही म्हणेल. मी पाठवलेलं नाही. तिच्या तोंडून तो होकार ऐकायला मी किती झुरलो ते तुला माहीत आहे, पण असा नको. तिला चहा दे, साडी परत कर. कमिटीला जे पाहिलंस तेच सांग. विकीला मी हे सांगून टाकलंय. तो आता माझा फोन उचलत नाही.

अजूनही तुझाच,
प्रांजल