देव्हाऱ्यातला इटलीचा राजा

कोरेगाव

वीरधवल दाजींना गुंडाचा रामराम. ताईचा गुडघा आणि विट्याचं ऊन, दोन्ही उतरलं असंल. हिकडं आमी बरं हाय म्हणायचं, पण न्हाई. (फोनवर बनुआत्या ऐकती, म्हणून पत्र. एस्टीच्या ड्रायव्हरजवळ देतोय.)

देव्हाऱ्यातलं टाक तुमी तुमच्या चांदीच्या भट्टीवर उजळायला नेलं, लय बरं केलंत. पण उजळल्यावर फोन करून, हा तुझा आजा न्हवं, इटलीच्या राजाचं नाणं हाय, हे सांगायची काय गरज हुती? चांदी काळी हुती तवर घरात शांतता हुती. आकाराम आजा पलटणीतनं इटलीत लढायला गेला आणि तिथंच मातीत गेला. पलटणीनं त्याची फणी आणि ते नाणं घरी धाडलं. साळूआजीनं चांदीवर मिशीवाला गडी बघितला, तिला वाटलं, सरकारनं मालकाचा टाकच घडवून धाडला. बसवला देव्हाऱ्यात. ऐंशी वर्सं रोज अंघोळ, गंध, म्हाळाला खीर.

मग मी मोबाइलवर त्या राजाची कुंडली काढली. उंची जेमतेम पाच फूट. बापाला कुणी गोळी घातली म्हणून गादीवर आला, तो शेहेचाळीस वर्सं हलला न्हाई. कारभार मुसोलिनीच्या हातात दिला, लढाईला हो म्हणाला, आणि अंगाशी आल्यावर फौजेला वाऱ्यावर सोडून राजधानीतनं पळाला. शेवटी गादी पोराला दिली, ती पोराला महिनाभर पुरली. राजा इजिप्तात मेला. सत्तर वर्सांनी त्याची पेटी इमानातनं इटलीला आणली. आमचा आजा तिकडंच पडलाय. म्हंजे लढाई लावली त्याला खीर, आणि मेला तो उपाशी! माझं डोस्कंच फिरलं.

तवा राजाला वितळवा आणि त्याच चांदीचा आजाचा टाक ठोका. आजाचा फोटो न्हाई, म्हणून माझा धाडलाय. (मी आजावर गेलोय म्हणत्यात. आजाला बघितलेलं कुणी जितं न्हाई, ती गोष्ट निराळी. मिशी रंगवलीय, फेटा फोटोवाल्याचा हाय.) जित्या माणसाचं तोंड टाकावर नको, असं बायको म्हणती. तिचं मनावर घेऊ नका.

आत्याला मातर कळू देऊ नका. ती बाप गेल्यावर जन्मली. बापाचं तोंड म्हणून तिनं तेवढंच बघितलंय. बापाला पाणी घातल्याबिगर जेवायची न्हाई म्हणती, टाक गेल्यापास्नं नुसत्या चहावर हाय. हातपाय गार पडत्यात. मला भ्या वाटतंय, दाजी.

तुमचा मेव्हणा,
गुंडा

ता. क. बायकोला पत्र वाचून दाखवत हुतो, आत्या दारामागं हुती. सगळं ऐकलं. मग म्हणाली, "राजा सत्तर वर्सांनी का हुईना, घरी गेला न्हवं? त्याला वाट ठावं हाय. त्याचं पाणी तोडलं, तर माझ्या बापाला कोण आणंल?"

ता. क. दुसरा. राजाला वितळवू नका. मघाधरनं फोन लावतोय, लागत न्हाई. उलट्या एस्टीनं धाडून द्या, आत्या ताट झाकून बसलीय. नुसतं नाणं म्हणून तुमी आधीच वितळवला असलाच, तर माझा फोटो फाडा आणि राजाच परत ठोका. मिशी तशीच ठेवा. तिला आता दिसत न्हाई, ती बोटानं चाचपती.