साठ मुलांचे सर

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं होतील. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले तीही एका युक्रेनच्या बाईमुळे. इथे जपानला, त्सुकुबात, आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायची. इथे दुधाची रिकामी खोकी धुऊन, कापून, सपाट करून, गठ्ठा बांधून ठरल्या वारी खाली ठेवावी लागतात. मी आपली कशीतरी दोरी गुंडाळते. हिचा गठ्ठा असा, की चारही कडांना पट्टी लावून बघावी. मी तिथेच विचारलं, "तू हॉस्टेलवर राहिलेली आहेस का?" ती हसली. "पंधरा वर्षं. लष्करी शाळेच्या. शिकायला नव्हे, शिकवायला." मी म्हटलं, माझं सगळं बालपण तसल्याच शाळेच्या आवारात गेलं, माझे वडील मुलांच्या हॉस्टेलचे हाउसमास्टर होते. झालं, तेव्हापासून दर शनिवारी ती आमच्याकडे चहाला.

तिची शाळा तुम्हाला आवडली असती. झारच्या काळात कॅडेटांसाठी बांधलेली इमारत, मग सोव्हिएत काळात युद्धात बाप गमावलेल्या मुलांची निवासी शाळा, आणि देश स्वतंत्र झाल्यावर तीच शाळा नव्या नावाची. कवायतीचे हुकूम रशियनमधून युक्रेनियनमध्ये आले, तेव्हा त्यांचे म्हातारे कवायत-मास्तर घरी आरशासमोर उभे राहून ते पाठ करायचे म्हणे. गादीच्या कडा दोन फळ्यांनी ठोकून काटकोनात आणायच्या. रोज संध्याकाळी प्रत्येकाने युनिफॉर्मच्या कॉलरला आतून पांढऱ्या कापडाची पट्टी स्वतः शिवायची. सकाळी तपासणी, डाग दिसला की उसवून पुन्हा. ही इतिहास शिकवायची आणि सगळ्यात धाकट्यांचं हॉस्टेल सांभाळायची. नवी मुलं पहिले काही आठवडे पट्टी शिवताना रडतात. विचारलं की सांगतात, सुई टोचली. बाईंनी ते खरं मानायचं आणि दुसरी सुई द्यायची, हा तिथला रिवाज. हे ऐकून मला तुम्हीच दिसलात. तुम्ही कुठल्या मुलाला रडू नकोस म्हणाला नाहीत. "जा, आमच्या घरून पोहे खाऊन ये," एवढंच म्हणायचात, आणि आई कढई पुन्हा गॅसवर ठेवायची. आई म्हणायची, लोक लष्कराच्या भाकऱ्या भाजतात, मी लष्कराचे पोहे करते.

युद्ध सुरू झाल्यावर ती शाळा देशाच्या पश्चिमेला दुसऱ्या एका शाळेच्या इमारतीत हलली, आणि ही बारा वर्षांच्या मुलीला घेऊन इथे बहिणीकडे आली. मुलगी आता आईला जपानीत उत्तरं देते. मागच्या महिन्यात शाळेने हिला परत बोलावलं. हिचं जायचं ठरलंच होतं. प्रश्न मुलीचा होता: मावशीकडे ठेवायची की शाळेच्या आवारात न्यायची? "तू अशा घरात वाढलीस," ती म्हणाली, "तूच सांग."

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, सल्ला देताना मी मागेपुढे बघत नाही. मी तुमचं भरभरून कौतुक केलं. कांजिण्यांची गोष्टही मी कौतुक म्हणूनच सांगितली. मी नऊ वर्षांची, अंगभर फोड. तुम्ही हॉस्टेलच्या खोलीत राहायला जाता, साठ मुलांना लागण नको म्हणून. चौदा दिवस. रोज सकाळी परेडला जाताना खिडकीबाहेर दहा पावलांवर थांबता, विचारता, "ताप किती?" मी आकडा सांगते, तुम्ही मान हलवता आणि जाता. पंधराव्या दिवशी घरी आलात तेव्हा मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्ही मला उद्धट म्हणालात. ती गोष्ट ऐकताना तिने कप खाली ठेवला होता.

मग, कोण जाणे का, मी तुमच्या अंत्ययात्रेचंही सांगितलं. शंभरावर माजी विद्यार्थी आले होते, कुणी कर्नल, कुणी डॉक्टर. त्यांनी तुम्हाला खांदा दिला आणि मी मागे राहिले. एका कर्नलसाहेबांनी अदबीने विचारलं, "आपण सरांच्या कोण?" पोह्यांच्या बशा मीच त्यांच्या हातात दिल्या असतील, बाबा. मी म्हटलं, "मुलगी." ते म्हणाले, "सरांना मुलगी होती?"

मग तिने सरळ विचारलं, "तुझे वडील बँकेत कारकून असते, साडेपाचला घरी आले असते, तर तुला जास्त आवडलं असतं?" मी क्षणभरही थांबले नाही. "छे, मुळीच नाही," म्हटलं, "मला असेच वडील हवे होते. मुलीला घेऊन जा." तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, मला हेच ऐकायचं होतं.

परवा त्या दोघी गेल्या. मी स्टेशनपर्यंत सोडायला गेले होते. मुलगी सगळा वेळ खाली बघत होती. आई तिकडे धाकट्या वर्गाच्या यादीबद्दल फोनवर बोलत होती, आवाज इतका आनंदात, की मी तो लगेच ओळखला. सुट्टी संपून मुलं परत यायची, त्या दिवशी तुमचा आवाज असाच असायचा.

तुम्ही थोर होतात, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. पण मी तिच्याशी खोटं बोलले, बाबा. मला कारकून चालला असता. हे तुम्हाला कळवायला पत्ता नाही, ते एक वेळ ठीक आहे. तिचा पत्ता तिने जाताना लिहून दिलाय, फ्रिजवर लावलाय, आणि तरी मी हे तुम्हालाच लिहीत बसले आहे.