अकराच्या आत संगणक सुरू

२ तारीख, रविवार

ब्राउझर अपग्रेड केला. एकट्याने. हिच्या भावाला न बोलावता. तो म्हणे संगणक इंजिनियर. माझ्या मते बटणं दाबणारा हमाल.

अपग्रेड होताना ब्राउझरने विचारलं, संगणकाबरोबर आपोआप सुरू होऊ का? हो म्हटलं. मागची सगळी पानं पुन्हा उघडू का? तेही हो. या घरात मला इतकं विचारून कोणी काही करत नाही.

शनिवारी सकाळी अकराला हिची मुलाखत आहे, याच संगणकावरून. ग्रंथालयप्रमुखाची जागा. चौदा वर्षं सहायक आहे, दोनदा डावललं. या वेळी तांत्रिक बाजू माझ्याकडे. म्हणजे निम्मं काम झालंच.

३ तारीख, सोमवार

संगणक सुरू व्हायला चार मिनिटं. पूर्वी एक लागायचं. बाटल्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी दोष शोधतोय. काचेतला केसाएवढा तडा मला चालत्या पट्ट्यावर दिसतो. हा डबा काय चीज आहे!

'अपग्रेडनंतर संगणक मंद' या विषयावर चौदा लेख उघडले. लिहिणारे सगळे बिनडोक. एकही शेवटपर्यंत वाचवला नाही. बंद मात्र केले नाहीत. अर्धवट वाचलेलं बंद करायची मला सवय नाही.

४ तारीख, मंगळवार

सात मिनिटं. वेग वाढवणारे दोन प्रोग्राम टाकले, फुकट. दोघेही संगणकाबरोबरच सुरू होतात आणि आत कोण हळू चालतंय यावर नजर ठेवतात. कारखान्यात मीही तेच करतो. उघडी पानं एक्केचाळीस.

ही म्हणाली, एवढी पानं उघडी आहेत म्हणून तर नसेल? पानांना काय वजन असतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, असतं, चौदा वर्षं उचलतेय. ग्रंथालयातल्या बाईशी तांत्रिक बोलू नये.

५ तारीख, बुधवार

नऊ मिनिटं. हिने परस्पर भावाला फोन लावून माझ्या हातात दिला. तो म्हणाला, मागची पानं उघडायचं सेटिंग बंद करा, वेगाचे प्रोग्राम काढून टाका, दोन मिनिटांचं काम आहे, हवं तर संध्याकाळी येतो.

दोन मिनिटं! ज्या दोषावर मी तीन दिवस घालवले तो दोन मिनिटांत जातो म्हणणं हा सरळसरळ अपमान आहे. येऊ नकोस म्हटलं. मग त्याला खोटं पाडायला आणखी बावीस लेख उघडले. अठरा जणांचं म्हणणं त्याच्यासारखंच निघालं. एकमेकांचं बघून लिहितात लेकाचे.

६ तारीख, गुरुवार

तेरा मिनिटं. तिसरा प्रोग्राम टाकला. तो पहिल्या दोघांवर लक्ष ठेवतो.

ही उत्तरांचा सराव करत होती. मला ऐकायला बसवलं. मी मान हलवत राहिलो, लक्ष रीस्टार्टकडे. मध्येच थांबून म्हणाली, शनिवारी नक्की चालू होईल ना, खरं सांगा. मी म्हटलं, तू बिनधास्त राहा. ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. असेल ग्रंथालयातलं काही.

७ तारीख, शुक्रवार

एकोणीस मिनिटं. पण दोष आता माझ्या मुठीत आहे. किती वेळ लागतो हे एकदा कळलं की त्याला मंदपणा म्हणत नाहीत, वेळापत्रक म्हणतात. उद्या साडेदहाच्या आधी बटण दाबायचं. झालं. इंजिनियर लोकांना एवढं साधं सुचत नाही.

८ तारीख, शनिवार

१०.२५. बटण दाबलं.

१०.४०. गोल फिरतंय. तोवर हिची खुर्ची पुसली, मागच्या दोरीवरचे टॉवेल काढले.

१०.५१. चालू! एकशे सदतीस पानं, एकही न हरवता. हिला हाक मारली.

१०.५४. घरात नाही. चपलाही नाहीत.

११.०५. फोन बंद. ऐन वेळी हा बेजबाबदारपणा. अशा बाईच्या ताब्यात ग्रंथालय द्यायचं म्हणजे कठीणच आहे.

१२.४०. आली. बरोबर भाऊ. मुलाखत त्याच्या ऑफिसात बसून दिली. गुरुवारीच ठरलं होतं म्हणे. निवड झाली, तिथल्या तिथे सांगितलं. मला का कळवलं नाही, विचारलं. म्हणाली, कळवलं असतं तर तुम्ही त्याचाही संगणक दुरुस्त करायला आला असता. भाऊ हसला नाही. त्याचा मला जास्त राग आला.

९ तारीख, रविवार

भावाने जाता जाता काल संगणक नीट करून दिला. दोन मिनिटं नाही, चार लागली. हे मी त्याला घड्याळ दाखवून सांगितलं.

आज चाळीस सेकंदांत सुरू झाला. समोर कोरं पान. काय शोधावं सुचेना.

ही आज खुशीत. आपणहून मुलाखतीचं सांगत बसली. शेवटचा प्रश्न असा होता म्हणे: मदत न घेणाऱ्या माणसाबरोबर काम कसं कराल? त्यावर ही दहा मिनिटं न अडखळता बोलली. उदाहरणांसकट. मंडळ थक्क झालं. एका बाईंनी तर लिहून घेतलं. या एका उत्तरावर जागा मिळाली, असं तिला वाटतं.

उदाहरण कोणाचं दिलंस, मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं. म्हणाली, नाव नाही घेतलं.