साडेतीनशे न्यूटन मीटर

२ नोव्हेंबर, रविवार
सिद्धेश्वर धरण बघायला निघालो. मी, बायको शिवकन्या आणि माझी याडी. याडी म्हणजे आई. आमच्या बंजारा तांड्यावर असंच म्हणतात. वाटेत गाडी पंक्चर. चाकाचे नट निघेनात. वीस मिनिटं पान्याला लटकलो. शेवटी मासे विकून परत निघालेला एक माणूस थांबला, पान्यावर चपलेसकट उभा राहिला. चारही नट ढिले. शिवकन्येनं त्याला पाणी दिलं. मला नाही.
वास्तविक नट मी आधीच सैल करत आणले होते. ते बाहेरून दिसत नाही.
निश्चय: नट खोलायचं बॅटरीचं मशीन घ्यायचं. त्याला इम्पॅक्ट रेंच म्हणतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार
याडी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हो म्हणाली! दोन वर्षं 'न्हाई' म्हणत होती. हल्ली भाकरी तव्याऐवजी चुलीच्या कडेला टाकते, तरी 'मला समदं दिसतंय' म्हणायची. पंचवीस तारीख, हिंगोली, सकाळी नऊच्या आत. डॉक्टरांनी बजावलंय, ही तारीख चुकली तर पुढची महिन्यानं. शिवकन्या म्हणते, महिन्यानं त्या पुन्हा न्हाई म्हणतील.
म्हणजे मशीन आता चैन राहिली नाही. वैद्यकीय गरज आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
अभ्यास सुरू. सतरा मशीनं तपासली. वहीत तक्ता केला. महागडी बाद. स्वस्तातलं एक मनात भरलंय. खोक्यावर साडेतीनशे न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, लिहिलाय. चाकाच्या नटाला शंभर-सव्वाशे पुरतो. रिव्ह्यूमध्ये एकानं लिहिलंय की प्रत्यक्षात निम्मासुद्धा मिळत नाही. तो माणूस रागीट वाटला.
एका बॅटरीचं घ्यावं की दोन? दुसरी बॅटरी म्हणजे पहिलीवर अविश्वास. एकच.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आमच्या गोरेगावच्या स्टँडजवळ शंकरसिंगचं पंक्चरचं दुकान. सहज विषय काढला. तो म्हणाला, "सर, मशीन काहून घेऊन राहिले? पान्याला हातभर पाइप लावा. लेकरू बी खोलंल."
मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरफ मी एकोणीस वर्षं फळ्यावर काढतोय. ती आता मला सांगू नये. ऑर्डर टाकली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मशीन आलं. नारिंगी. वजनदार. हातात घेतल्यावर माणूस वेगळाच दिसतो; आरशात पाहिलं.
अंगणात प्रात्यक्षिक. एका चाकाचे चारही नट सटासट निघाले. ते चाक मासेवाल्यानंच बसवलं होतं, म्हणजे हाताचंच आवळलेलं, ही गोष्ट गौण आहे. शेजारचे वसरामकाका बघायला आले होते. "आवाज लई करतंय," म्हणाले. कौतुकच होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
चारही चाकांचे सोळा नट मशीननं नव्यानं आवळले. नट घट्ट बसल्यावरही प्रत्येकी पाच सेकंद जास्त. याडी बसणार आहे गाडीत, कसर नको.
शंकरसिंगचा दुधाचाही रतीब आहे. दूध घालायला आला होता. म्हणाला, "मशीननं खोला, पर आवळायचं हातानं." धंदा बुडतोय म्हटल्यावर माणूस काहीही बोलतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार
उद्याची तयारी. बॅटरी पूर्ण चार्ज. स्टेपनीत हवा. पाना आणि जॅक डिकीतून काढणार होतो. जॅक लागतो हे वेळेत आठवलं. पाना घरी ठेवला. उगाच ओझं. शिवकन्येनं विचारलं, नक्की का? मी नुसता हसलो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
साडेसातला निघालो. सेनगाव सोडलं आणि मागचं डावं चाक बसलं. मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. खाली उतरलो, शांतपणे मशीन काढलं.
टरटरटर. नट जागचा हलला नाही. दुसरा, तिसरा, चौथा. पुन्हा पहिला. मशीन गरम झालं. मग आवाज बारीक झाला. मग दिवा लाल.
याडी काचेतून म्हणाली, "झालं का रे?" मी म्हणालो, "होऊन राहिलं."
सव्वाआठला हिंगोलीची जीप आली. शिवकन्येनं मला न विचारता हात केला. जीपवाल्यानं पुढच्या सीटवरचा माणूस उठवून याडीला बसवलं. शिवकन्या मागं चढली. याडी जाताना म्हणाली, "तू ये सावकाश. तकलीफ करून घेऊ नको."
मी शंकरसिंगला फोन केला. तो मोटरसायकलवर आला, सोबत पाना आणि पाइप. तीन नट निघाले. चौथ्याचा बोल्टच तुटला. तो चाकाकडं बघत म्हणाला, "सर, हे आवळलं कुनी?"
मी म्हणालो, कंपनीनं.
एक मात्र सिद्ध झालं. मशीनमध्ये ताकद आहे.
सेनगावहून नवा बोल्ट आणून बसवला आणि दवाखान्यात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. ऑपरेशन साडेदहालाच झालं होतं. याडी पट्टी बांधून खाटेवर बसली होती. ऑपरेशनच्या आधी घाबरली होती म्हणे. नर्सला दोनदा विचारलं, माझा प्रेमदास आला का? शिवकन्येनं हे सांगितलं आणि मग याडीच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. मी रस्त्याची परिस्थिती समजावून सांगणार होतो. त्याऐवजी पिशवी उघडी धरली.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी पट्टी सोडली. याडीनं आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग शिवकन्येचं पातळ, म्हणाली, हिरवं चांगलं हाय. मग माझ्याकडं वळली. बराच वेळ बघत राहिली. हात लावून माझं तोंड उजेडाकडं फिरवलं.
"केस कव्हा गेले रे तुझे?" म्हणाली. "आन किती थकला रं लेकरा."
शिवकन्या खिडकीकडं बघू लागली.
डॉक्टरांना विचारलं, नजर बराबर बसायला किती दिवस लागतात. ते म्हणाले, बसलीसुद्धा.